लायब्ररीच्या बाईंची लांब वही

या वेळचं पत्र पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

त्यांच्या शाळेच्या ग्रंथपाल गेल्या वर्षी ऑगस्टअखेर वारल्या. सगळी शाळा त्यांना 'लायब्ररीच्या बाई' म्हणायची. दोघींची मैत्री चोवीस वर्षांची. मधल्या सुट्टीतला डबा रोज एकत्र, लायब्ररीतल्या मागच्या टेबलावर. बाई गेल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही आणि ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार या मैत्रिणीकडेच आला. त्या लिहितात, "वाचनाच्या तासाला मी दार उघडते, मुलं बसून वाचतात. पण घरी पुस्तक देणं बंदच ठेवलंय. तारखेचा शिक्का तिनं शेवटचा फिरवला तिथंच आहे, जुलैतल्या एका तारखेवर. तो फिरवायला हात धजत नाही. तिच्या खुर्चीत बसले की चोरी केल्यासारखं वाटतं."

आता पहिल्या स्मृतिदिनी शाळा कार्यक्रम करणार आहे. ग्रंथालयाला बाईंचं नाव, भिंतीवर तसबीर, भाषणं. मुख्य भाषण यांनीच करायचं. त्याच सुमारास दीडेक हजार जुन्या पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून कमी करून काढून टाकणं, व्हायचंय. "तिचं नाव लावायचं आणि तिचीच पुस्तकं रद्दीत घालायची," याचा त्यांना संताप येतो. पण सगळ्यात मोठा पेच एका वहीचा आहे. दवाखान्यात असताना बाईंनी एक लांब वही त्यांच्या हातात दिली आणि "तुझ्याकडे असू दे" एवढंच म्हणाल्या. वहीत मुलांची नावं, कोणी काय वाचलं, आणि शेवटच्या रकान्यात 'पुढे काय द्यायचं'. मधूनमधून शेरे आहेत. 'वडील घर सोडून गेलेत. हसवणारं द्या.' 'वाचता येत नाही हे लपवतो. चित्रांचं, पण लहान मुलांचं वाटेल असं नको.' शेवटची नोंद पाचवीतल्या एका मुलीची. पुढच्या पुस्तकाचं नाव लिहिलंय, त्यापुढे दिल्याची खूण नाही. संस्थेला ही वही काचेच्या कपाटात मांडायचीय आणि तिच्या पानांचे फोटो शाळेच्या संकेतस्थळावर टाकायचेत. बाईंच्या घरी या वहीबद्दल कुणाला माहीत नाही. "मी घरची नाही, नात्याची नाही. नको म्हणायचा मला काय अधिकार? तिला काय आवडलं असतं, तुम्हीच सांगा."

*

ताई,

तुमच्या मूळ पत्रात 'मी घरची नाही' हे शब्द तीन वेळा आलेत. एकदा वहीच्या संदर्भात, एकदा भाषणाच्या, आणि एकदा असेच, मध्येच, कशाशी संबंध नसताना. त्या तिसऱ्या ठिकाणी मी बराच वेळ थांबले. तुम्ही मला वहीचं विचारताय, निर्लेखनाचं विचारताय, आणि या सगळ्याच्या खाली तुम्हाला रडायला जागा मिळालेली नाही.

आपल्याकडे दुःखाचं वेळापत्रक नात्यानं ठरतं. सुतक कुणाला, दहाव्याला कोण, तेराव्याला कोण, सगळं ठरलेलं. चोवीस वर्षं जिच्या डब्यातली भाजी खाल्ली तिच्यासाठी त्यात ओळ नाही. वैकुंठ स्मशानभूमीतून घरी यायचं, अंघोळ करायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्गावर. मैत्रिणीसाठी रजाही मागता येत नाही. माझ्या नोकरीच्या काळात शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण अशीच गेली. दहाव्याला मी शेवटच्या रांगेत बसून आले आणि कुणी ओळखायच्या आत निघाले. त्यानंतर दोनेक महिने मी डब्यात शेंगदाण्याची चटणी दोघींपुरती भरत होते. रोज अर्धी परत यायची. घरच्यांनी विचारलं तेव्हा "जास्त होते चुकून" म्हणाले. चुकून होत नव्हती.

म्हणून आधी एवढं सांगते. बाईंच्या घरी एकदा जा. कार्यक्रमाचं, वहीचं, कसलंच काम न काढता. त्यांच्या मुलांना तुमच्याकडच्या बाई माहीत नाहीत, सकाळी साडेदहा ते साडेपाच या वेळातल्या. त्या त्यांना सांगा. घरच्यांना हे ऐकायचं असतं, पण विचारायचं कुणाला हे त्यांना कळत नाही. 'तुम्ही कोण?' असं तिथं कुणी विचारेल असं मला वाटत नाही.

आता वही. तिच्याबद्दल संस्था आणि तुम्ही, दोघांनीही एक गोष्ट धरून चाललाय, की ती आठवणीची वस्तू आहे. मला ते पटत नाही. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला, आपल्याकडच्या या शास्त्राचे जनक मानल्या जाणाऱ्या एस. आर. रंगनाथनांची पाच सूत्रं पाठ असतात. १९३१ साली त्यांनी ती पुस्तकातून मांडली. त्यातलं दुसरं सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हे, आणि तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हे. परीक्षेत ही सूत्रं लिहिणारे पुष्कळ असतात. बाईंनी ती रकाने आखून वापरली. कुणाच्या वाचनाची गाडी कुठं अडलीय आणि तिला कुठून ढकलायचं, याची ती वही आहे. डॉक्टरांकडे पेशंटचा कागद असतो तसा हा कागद आहे, आणि तो काचेच्या कपाटात मांडत नाहीत.

'नावं झाकून फोटो टाकू' असं तुम्हाला सुचवतील. त्यानं भागणार नाही. शाळेत अमुक वर्षाची सातवी ब आणि 'वडील घर सोडून गेलेत' एवढ्यावर पन्नास जण नाव सांगतील. ज्या मुलानं वाचता येत नाही हे लपवलं, तो आज तिशीचा बाप्या असेल, स्वतःच्या मुलाला त्याच शाळेत सोडायला येत असेल. त्यानं ते जगापासून लपवलं होतं. बाईंना दिसलं, त्यांनी कुणाला न सांगता वहीत टिपलं आणि त्याच्या हातात त्याला लाज वाटणार नाही असं पुस्तक ठेवलं. ते पान आता आपण भिंतीवर लावायचं? इथं मी मधला मार्ग सुचवणार नाही. कपाटही नको आणि संकेतस्थळही नको.

अधिकाराचं म्हणाल तर, बाईंना ती वही शाळेच्या खणात ठेवता आली असती, स्वतःच्या मुलीच्या हातात देता आली असती. त्यांनी ती तुमच्या हातात दिली. वही तुमच्या मालकीची झाली असं मी म्हणत नाही, पण राखायला तुमच्याकडे आलीय एवढं नक्की. 'तिला काय आवडलं असतं' हा प्रश्न मात्र बाजूला ठेवा. तुम्ही म्हणाल तिला आवडलं नसतं, अध्यक्ष म्हणतील बाईंना अभिमानच वाटला असता, आणि सांगायला बाई नाहीत. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं म्हणणं घालणं फार सोपं असतं, प्रेमानं घातलं तरी. त्याऐवजी संस्थेपुढे मुलांचं बोला. ती मुलं हयात आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढा एक मुद्दा पुरे.

करायचं असं. संस्थेला उत्तर देण्याआधी घरच्यांना सांगा की अशी वही आहे. उद्या ते दुसऱ्या कुणाकडून ऐकतील तर तुम्ही लपवली असं होईल. पहिली दोन पानं त्यांना तुमच्यासमोर बघू द्या. त्यांना ती घरी ठेवावीशी वाटली तर द्या, फक्त आत मुलांच्या खासगी गोष्टी आहेत आणि ती बाहेर जाऊ नये हे स्पष्ट बोलून द्या. तुमच्याकडेच राहिली तर कुलपात ठेवा. एखादा जुना विद्यार्थी आला आणि 'माझं काय लिहिलंय' म्हणाला तर त्याला त्याची ओळ दाखवा, फक्त त्याची. आणि तुमच्यासाठी एका वेगळ्या कागदावर नावं वगळून एवढंच उतरवून घ्या, की कुठल्या अडचणीला बाई कुठलं पुस्तक देत. रुसलेल्याला काय, घाबरणाऱ्याला काय, वाचायचा कंटाळा करणाऱ्याला काय. ती यादी हवी तर छापा, भिंतीवर लावा, शेजारच्या शाळांना द्या.

संस्थेला कपाटात मांडायला काहीतरी हवंच असेल, आणि तेही गैर नाही, तर दाखल नोंदवही आहे ना, आलेलं प्रत्येक पुस्तक दाखलांक देऊन जिच्यात चढवतात ती. बाईंनी रुजू झाल्यावर केलेली पहिली नोंद शोधा, त्यांच्या अक्षरातलं ते पान उघडून ठेवा. ती शाळेची मालमत्ता आहे, त्यात कुणा मुलाचं गुपित नाही, आणि माझ्या मते ती बघायला जास्त सुंदर दिसते. दाखलांक, तारीख, लेखक, किंमत, सरळ रेषेत वर्षानुवर्षं. दोन गोष्टी सांभाळा. थेट ऊन लागेल तिथं ठेवू नका, आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि डाग कागदात उतरतो तो कायमचा. प्लास्टिकचं लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही.

निर्लेखनाचा तुम्हाला आलेला राग मला समजतो, पण तिथं मी तुमच्या बाजूनं पूर्ण नाही. तुम्ही 'तिचीच पुस्तकं' म्हणता. चोवीस वर्षांत बाईंनी स्वतः कधी पुस्तकं काढली नसतील? काढलीच असणार. रंगनाथनांचं पाचवं सूत्र ग्रंथालय ही वाढणारी, जिवंत गोष्ट आहे असं सांगतं, आणि वाढणाऱ्या झाडाची छाटणीही होते. अभ्यासक्रम बदलल्यावर उरलेली गाइडं, कसरीनं जाळी केलेले विश्वकोशाचे सुटे खंड, एकाच पुस्तकाच्या कुणी न हलवलेल्या तीस प्रती, हे कपाटात अडवून ठेवण्यात बाईंचा मान नाही. खरा प्रश्न कोण काढतंय आणि कसं काढतंय हा आहे. कुणी वरवर बघून 'जुनं दिसतंय, काढा' म्हणणार असेल तर अडून बसा. साठा पडताळणी होऊ द्या, दाखलांकासह यादी होऊ द्या, ती समितीपुढे जाऊ द्या, आणि नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकापुढे नोंद पडू द्या. त्या यादीवर एकदा तुमची नजर फिरली पाहिजे ही अट घाला. गेल्या दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं आणि अजून वाचण्यासारखं असलेलं पुस्तक वेगळं काढा. ते वाईट नसतं, त्याला कुणी मुलाच्या हातात ठेवलेलं नसतं.

उसवलेलं पुस्तक काढायच्या यादीत जाऊ देऊ नका. बांधणीवाले गव्हाच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून, ती खळ आणि जाड धागा एवढ्यात शंभर पुस्तकं उभी राहतात. (मोरचूद विषारी असतं, हे काम मुलांच्या हातून करून घेऊ नका.) 'किशोर' मासिकाचे जुने अंक फाटके म्हणून निघाले तर फार हळहळू नका. बालभारती १९७१ पासून ते काढतेय आणि जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत खुले केलेत. पण कुठलं दुर्मीळ जुनं नियतकालिक किंवा गावच्या इतिहासाचं काही हाती लागलं तर रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांना विचारा. या शहरात अशी विचारायची ठिकाणं आहेत, हे आपलं नशीब.

नाव द्यायला तुम्ही नाराज आहात, असं पत्रावरून वाटलं. 'पाटी लावून मोकळे होतील' असं तुम्ही लिहिलंय. होतीलही. तरी पाटी लागू द्या. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. ही सालं आपल्याला पाठ असतात, संस्थापकांची नावंही सापडतात. पण या शहरात पावणेदोनशे वर्षं काउंटरमागे उभं राहून ज्यांनी पुस्तकं काढून दिली, त्यांच्यातली किती नावं कुणाला सांगता येतील? शाळांच्या ग्रंथालयांना नाव मिळतं ते देणगीदाराचं. देणगी न देता, पगारावर, आणि कित्येक ठिकाणी अर्धवेळ पगारावर राबलेल्या बाईचं नाव दारावर लागणं ही साधी गोष्ट नाही. तिच्यावर रागावू नका, तिचा उपयोग करा. 'नाव लावताय, छान. मग त्या दाराच्या आत ग्रंथपाल कधी येणार, आणि दरवर्षी नव्या पुस्तकांना किती रुपये?' हे ज्या सभेत नावाचा ठराव होईल त्याच सभेत विचारा. सगळे भारावलेले असतात तेव्हाच विचारायचं. पैसे जमले तर बक्षिसासाठी ठेव ठेवू म्हणतील. पन्नास हजारांवर सात टक्के धरले तरी वर्षाला साडेतीन हजार होतात. करंडक आणि सत्कारात ते घालवू नका. तेवढ्यात दरवर्षी पंधरावीस चांगली पुस्तकं येतात.

आणखी एक. १२ ऑगस्ट हा रंगनाथनांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. बाईंचा स्मृतिदिन त्यानंतर पंधरवड्यानं येतो. कार्यक्रम १२ तारखेला घ्या असं सुचवून बघा. बाईंच्या कामाच्या दिवशी त्यांच्यावर बोलणं तुम्हालाही सोपं जाईल आणि स्मृतिदिन घरच्यांना मोकळा राहील.

भाषणाचं. 'सर्वगुणसंपन्न' आणि 'कधीही न भरून येणारी पोकळी' हे शब्द टाळा. बाई रागीट होत्या असं तुम्हीच लिहिलंय. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या मुलाला त्या दुमडलेला प्रत्येक कोपरा नखानं सपाट करायला बसवत, आणि एकदा खुद्द मुख्याध्यापकांना तसं बसवलं होतं. ताई, तुमच्या सहा पानी पत्रात मला बाई दिसल्या त्या या दोन ओळींत. हेच सांगा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे खरं, पण रागीट असणं वाईटात कुठं मोडतं? ज्यांनी तो राग खाल्लाय ती सगळी मुलं आता हसतील आणि मग त्यांचे डोळे भरतील. चारपाच मिनिटं बोला, लिहून न्या, गळा दाटला तर कागद शेजारी कुणाला वाचायला द्या असं आधीच ठरवून ठेवा. आणि शिपाईमामांना बोलू द्या. पुस्तकांचे गठ्ठे त्यांनी उचललेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत डांबरगोळ्या घालायला बाईंबरोबर तेच थांबायचे. त्यांच्याजवळच्या आठवणी तुमच्याकडेही नसतील.

ज्यांचा असा सहकारी नुकताच गेलाय, त्या इतर वाचकांना एवढंच सांगते. टेबल लगेच आवरू देऊ नका. शाळेचं, ऑफिसचं काय आणि त्यांचं स्वतःचं काय हे माहीत असणारं माणूस बहुधा तुम्हीच असता. घरच्यांना बोलवा, खण त्यांच्यासमोर उघडा, चष्म्याचं घर, औषधं, डायरी वेगळी काढून द्या. कामाचे कागद तेवढे मागे ठेवा. हे पहिल्या पंधरा दिवसांत झालं नाही तर दुसरं कुणीतरी एका दुपारी सगळं एका खोक्यात भरतं.

आता खुर्ची. ती तिथं नसावी असं वाटत असेल तर खिडकीपाशी न्या आणि तिथं मुलांना वाचायला बसू द्या. तुम्ही स्टाफरूममधली तुमची खुर्ची आणा. यात काही बिघडत नाही, आणि कुणाला समजावूनही सांगावं लागत नाही.

राहता राहिला शिक्का. तुम्हाला दुखेल, तरी बोलते. तुमच्या हातून एक गोष्ट चुकतेय. जवळपास वर्षभर मुलांना घरी पुस्तक मिळालेलं नाही. दुःखात झालंय, कुणी दोष देणार नाही, मीही देत नाही. पण हे आता थांबायला हवं. एका कोऱ्या कागदावर त्या जुलैच्या तारखेचा ठसा घ्या. शाईची गादी वाळली असेल, चार थेंब शाई टाकावी लागेल. तो कागद वहीत ठेवा. मग तारखेचे पट्टे फिरवा. वर्षभर एका जागी राहून रबर कडक झालं असेल, जोर लागेल.

१५ जूनला शाळा उघडेल. पाचवीतली ती मुलगी आता सहावीत असेल. अप्पा बळवंत चौकातून एक नवी लांब वही आणा, तशीच रकाने आखून. बाईंनी तिच्यासाठी लिहिलेलं पुस्तक कपाटातून काढा आणि तिला द्या. वर्षभरात ती मोठी झालीय, कदाचित तिला ते नको असेल. मग तिच्याजवळ थोडं बसा, काय हवंय ते विचारा, आणि शेवटच्या रकान्यात ते लिहा.